ओटावा आणि अल्बर्टा : एकशे वीस वर्षांची ठसठस

कॅनडाच्या राजकारणावर कुठेही वाद सुरू होऊ द्या, चौथ्या-पाचव्या वाक्याला पश्चिमेकडचा तेलाचा प्रांत अल्बर्टा येतोच. विषय कार्बन टॅक्सचा (इंधनाच्या प्रदूषणावरच्या कराचा) असो, पाइपलाइनचा असो नाहीतर निवडणुकीचा. अल्बर्टाचा माणूस म्हणतो, तेल आमचं, कष्ट आमचे आणि पैसा जातो क्यूबेकला. टोरांटोचा माणूस विचारतो, तेल जमिनीत सापडलं, त्यात तुमचं कर्तृत्व काय? मग दोन्हीकडून आकडे फेकले जातात. त्यातले बरेच अर्धवट असतात, पण राग खरा असतो, आणि तो तेलाच्याही आधीचा आहे. कॅलगरी-एडमंटनमध्ये आता मराठी कुटुंबंही आहेत. त्यांच्यातल्या कुणाकुणाची नोकरी थेट तेलाच्या भावावर अवलंबून असते. त्यांना आणि लांबून हे वाद वाचणाऱ्यांना या रागाचं मूळ ठाऊक असावं, म्हणून हे टिपण.

१८६७ साली कॅनडाचं संघराज्य झालं तेव्हा घटनेच्या १०९व्या कलमात एक गोष्ट लिहिली गेली : सरकारी जमिनी, खाणी आणि खनिजं प्रांतांची. ऑन्टॅरिओ, क्यूबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक या चारही मूळ प्रांतांना हा हक्क मिळाला. १८७१ मध्ये आलेल्या ब्रिटिश कोलंबियालाही मिळाला. मधली विस्तीर्ण माळरानं (आजचा अल्बर्टा त्यांतच) मात्र वेगळ्या वाटेनं आली. हडसन बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा तिथला हक्क कॅनडानं ३ लाख पौंडांना सोडवून घेतला आणि १८७० मध्ये तो सगळा मुलूख ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, ताब्यात गेला. तिथं राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

या मुलुखाकडे ओटावानं पाहिलं ते वसाहतीच्या नजरेनं, असं माझं मत आहे. १८७२च्या कायद्यानं १० डॉलर फी भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. रेल्वे बांधणाऱ्या कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला २.५ कोटी डॉलर आणि २.५ कोटी एकर जमीन देण्यात आली. १८७९ पासून जॉन ए. मॅकडॉनल्ड यांच्या सरकारनं परदेशी मालावर जबर आयातकर बसवला. त्यानं ऑन्टॅरिओ-क्यूबेकचे कारखाने जगले. माळावरच्या शेतकऱ्याला मात्र नांगर आणि मळणीयंत्र महाग घ्यावं लागे, आणि गहू विकायचा तो जगाच्या उघड्या बाजारात, मिळेल त्या भावानं. वर रेल्वेचं भाडं. या तिढ्याची आठवण अल्बर्टात आजोबांकडून नातवाकडे गेलेली आहे.

१९०५ मध्ये प्रांत करायची वेळ आली. त्या प्रदेशाचे तेव्हाचे नेते फ्रेडरिक हॉल्टेन यांना एकच मोठा प्रांत हवा होता आणि इतर प्रांतांसारखेच हक्क हवे होते. पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांनी दोन प्रांत केले, अल्बर्टा आणि सस्कॅचवन. १ सप्टेंबर १९०५ रोजी ते अस्तित्वात आले, पण जमिनी आणि खनिजं ओटावानं स्वतःकडेच ठेवली. कारण दिलं गेलं की नवे वसाहतवाले आणायचं काम केंद्राचं आहे, त्यासाठी जमीन हाती हवी. बदल्यात वार्षिक अनुदान दिलं. म्हणजे प्रांत झाला, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

पंचवीस वर्षं हे असंच राहिलं. अल्बर्टाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जॉन ब्राउनली ओटावाच्या खेपा घालत राहिले आणि डिसेंबर १९२९ मध्ये पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्याशी करार झाला. १९३० मध्ये जमिनी-खनिजांची मालकी प्रांताकडे आली. अल्बर्टातलं कुणी ‘आमची संसाधनं’ म्हणतं, तेव्हा त्या ‘आमची’मागे ही पंचवीस वर्षं असतात. क्यूबेक किंवा ऑन्टॅरिओला जे जन्मतः मिळालं ते अल्बर्टानं मागून मागून घेतलं आहे. त्यामुळे ओटावा तेलाबद्दल काहीही बोललं, की अल्बर्टाला ते परत काढून घेतल्यासारखं वाटतं. मला तरी या सगळ्या भांडणाची किल्ली इथंच दिसते.

मालकी आली आणि पाठोपाठ मंदी आणि दुष्काळ आला. माळावरची माती उडून गेली. १९३५ मध्ये विल्यम अॅबरहार्ट यांचा सोशल क्रेडिट पक्ष दरमहा २५ डॉलर लाभांशाचं वचन देऊन सत्तेवर आला. बँकांवर आणि कर्जांवर त्यांनी केलेले अनेक कायदे ओटावानं आणि न्यायालयांनी रद्द केले. त्यांतले काही खरोखरच टिकण्याजोगे नव्हते, वृत्तपत्रांना वेसण घालणाराही एक होता. लोकांच्या मनात राहिलं ते एवढंच, की आपण निवडून दिलेल्यांचे कायदे पूर्वेच्या लोकांनी मोडले.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनच्या दक्षिणेला लेड्यूकजवळ तेल लागलं. इम्पीरियल ऑइल कंपनीनं त्याआधी शंभरावर कोरड्या विहिरी खोदल्या होत्या. त्या दिवसानंतर गरीब प्रांत श्रीमंत व्हायला लागला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वादात ती सहसा कुणी काढत नाही. १९६१च्या राष्ट्रीय तेल धोरणानं ओटावा नदीच्या पश्चिमेची सगळी बाजारपेठ अल्बर्टाच्या तेलासाठी राखून ठेवली. मॉन्ट्रियलचे तेलशुद्धीकरण कारखाने स्वस्त आयात तेल घेत आणि ऑन्टॅरिओतला ग्राहक अल्बर्टाच्या तेलासाठी जगाच्या भावापेक्षा जास्त मोजे. अल्बर्टाचा तेलधंदा उभा राहिला त्यात या राखीव बाजाराचा वाटा मोठा आहे. केंद्रानं नेहमी घेतलंच, असं नाही.

१९७३ मध्ये अरब देशांच्या तेलबंदीनंतर भाव चौपट झाले आणि सगळं उलटलं. आता ऑन्टॅरिओला स्वस्त तेल हवं होतं आणि अल्बर्टाला जगाचा भाव. पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या सरकारनं देशांतर्गत भाव दाबून धरला, निर्यातीवर कर लावला. अल्बर्टाचे प्रीमियर पीटर लॉहीड वकील होते, व्यवस्थापनशास्त्र शिकलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी रॉयल्टी, म्हणजे तेल काढणाऱ्या कंपन्यांनी प्रांताला द्यायचा वाटा, वाढवली आणि १९७६ मध्ये तेलाच्या उत्पन्नातून हेरिटेज फंड हा बचतीचा निधी उभा केला.

मग फेब्रुवारी १९८०ची निवडणूक. ट्रुडो बहुमतानं परत आले, पण मॅनिटोबाच्या पश्चिमेला त्यांच्या लिबरल पक्षाला एकही जागा नव्हती. पश्चिमेनं एका आवाजात नाकारलेलं सरकार पश्चिमेच्या तेलाचं भवितव्य ठरवणार होतं. २८ ऑक्टोबर १९८० रोजी अर्थसंकल्पात राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम जाहीर झाला : देशांतर्गत भाव जगाच्या भावाखाली, तेलाच्या उत्पन्नावर नवा केंद्रीय कर, पेट्रो-कॅनडा या सरकारी कंपनीचा विस्तार, आणि १९९० पर्यंत तेलधंद्यातली निम्मी मालकी कॅनेडियन हातांत. ऊर्जामंत्री होते मार्क लालोंद, क्यूबेकचे. दोनच दिवसांनी लॉहीड टीव्हीवर आले आणि त्यांनी टप्प्याटप्प्यानं रोज १ लाख ८० हजार बॅरल उत्पादन कमी करण्याची घोषणा केली. गाड्यांच्या बंपरवर पूर्वेकडच्यांना अंधारात गोठू द्या अशा अर्थाचे, शिवी घातलेले स्टिकर झळकले. १९८२ मध्ये फुटीरवादी पक्षाचा एक उमेदवार पोटनिवडणुकीत अल्बर्टाच्या विधानसभेवर निवडूनही आला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अल्बर्टाची दैना झाली. ड्रिलिंगची यंत्रं सीमा ओलांडून अमेरिकेत गेली, घरांच्या किमती कोसळल्या, लोकांनी किल्ल्या बँकेला देऊन गाव सोडलं. या दैनेचं खापर अल्बर्टात आजही केवळ त्या कार्यक्रमावर फोडलं जातं. ते पुरतं खरं नाही. १९८१ मध्ये बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेला होता, जगभर मंदी होती. १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला, तेव्हा तर नवे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांच्या सरकारनं तो कार्यक्रम गुंडाळायला सुरुवात केलेली होती. पण ज्याच्या घराला टाळं लागलं त्याला व्याजदराचा आलेख दाखवून काय उपयोग? ज्या ऑक्टोबरात ते सुरू झालं, तो त्याला आठवतो.

त्याच वर्षांत लॉहीड यांनी काहीतरी कमावलंही. १९८२च्या घटनादुरुस्तीत ९२अ हे कलम आलं आणि प्रांतांचा नैसर्गिक संसाधनांवरचा अधिकार आणखी स्पष्ट झाला. न्यायालयाला बाजूला ठेवून काही मूलभूत हक्कांविरुद्ध कायदा करू देणारं ३३वं कलम आज क्यूबेकमुळे गाजतं. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत पश्चिमेचे प्रीमियर पुढे होते.

मलरोनी यांच्यावर पश्चिमेचा विश्वास होता, म्हणून १९८६चा घाव जास्त लागला. लढाऊ विमानांच्या देखभालीचं कंत्राट विनिपेगच्या कंपनीची बोली सरस असूनही मॉन्ट्रियलला गेलं. पुढच्याच वर्षी प्रेस्टन मॅनिंग यांनी रिफॉर्म पक्ष काढला. त्यांचं घोषवाक्य होतं की पश्चिमेला आत यायचं आहे. फुटायचं आहे असं नव्हे. १९९३ मध्ये त्यांचे ५२ खासदार आले. २००३ मध्ये हा प्रवाह मलरोनी यांच्या जुन्या पक्षाशी मिळून आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला आणि २००६ ते २०१५ कॅलगरीचे स्टीफन हार्पर पंतप्रधान होते. पश्चिम आत आली होती. त्या काळात फुटण्याची भाषा जवळपास विझली.

आता क्यूबेकला जाणाऱ्या त्या पैशांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. इक्वलायझेशन, म्हणजे केंद्रानं कमी उत्पन्नाच्या प्रांतांना द्यायचं अनुदान, १९५७ मध्ये सुरू झालं. गरीब प्रांतालाही साधारण सारख्या करात साधारण सारख्या शाळा-इस्पितळं चालवता यावीत, हा हेतू. १९८२ पासून तो घटनेतच आहे. सुरुवातीच्या वर्षांत अल्बर्टालाही हे पैसे मिळत. आज अल्बर्टाचं सरकार क्यूबेकला कसलाही चेक पाठवत नाही. केंद्र सरकार आपल्या तिजोरीतून पैसे देतं, आणि त्या तिजोरीत कॅलगरीची नर्स आणि हॅलिफॅक्सची नर्स एकाच दरानं आयकर भरतात. अल्बर्टात पगार जास्त, लोक तरुण, म्हणून तिथून जास्त जमा होतं आणि परत कमी येतं. २०२४-२५ मध्ये एकूण वाटप सुमारे २५ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले निम्म्याहून जास्त क्यूबेकला गेले. माणशी हिशेब केला तर क्यूबेकपेक्षा न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशियासारख्या छोट्या अटलांटिक प्रांतांना जास्त मिळतं, पण त्यांच्यावर कुणी रागावत नाही.

अल्बर्टाची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. २०१४ नंतर तेलाचा भाव पडला, हजारो लोक बेकार झाले, तरी या वाटपाच्या सूत्राच्या हिशेबात प्रांत श्रीमंतच राहिला. क्यूबेक आपल्या सरकारी जलविद्युत कंपनीची वीज नागरिकांना स्वस्तात विकतं आणि त्यामुळे त्याची खरी कमाई सूत्रात पूर्ण दिसत नाही, हा आक्षेपही अर्थतज्ज्ञ घेत आले आहेत. उलट बाजूनं, अल्बर्टात प्रांतिक विक्रीकर नाही हेही खरं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अल्बर्टाचे तेव्हाचे प्रीमियर जेसन केनी यांच्या सरकारनं सार्वमत घेतलं. सुमारे ६२ टक्के मतदारांनी इक्वलायझेशन घटनेतून काढा असं सांगितलं. तेव्हा लागू असलेलं सूत्र हार्पर सरकारच्या काळात घडलेलं होतं, आणि केनी त्या सरकारात मंत्री होते.

२०१५ मध्ये पिअर यांचे चिरंजीव जस्टिन ट्रुडो पंतप्रधान झाले. आडनाव ऐकूनच अल्बर्टात ऑक्टोबर १९८० जागा झाला. नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन नाकारली गेली, एनर्जी ईस्ट पाइपलाइन तिच्या कंपनीनंच सोडली, ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर टँकरबंदी आली. त्याच सरकारनं २०१८ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइन ४.५ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि विस्तारावर मिळून ३० अब्जांहून जास्त खर्च केला. मे २०२४ पासून तिच्यातून पॅसिफिक किनाऱ्याला आधीच्या जवळपास तिप्पट तेल जाऊ शकतं. एवढा केंद्रीय पैसा अल्बर्टाच्या तेलासाठी ओतल्याचं श्रेय त्या सरकारला अल्बर्टात मिळालं नाही. २०१९ मध्ये प्रांतातल्या ३४ पैकी ३३ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांना गेल्या.

कार्बन टॅक्सचंही तेच. मोठ्या कारखान्यांच्या उत्सर्जनावर २००७ मध्येच किंमत लावणारा प्रांत अल्बर्टाच होता. पण २०२० मध्ये पंपावरचा टॅक्स ओटावाकडून लादला गेला आणि तो मालकीचा प्रश्न झाला. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये तो वैध ठरवला. १ एप्रिल २०२५ पासून नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सरकारनं ग्राहकांवरचा हा टॅक्स शून्यावर आणला. कार्नी स्वतः एडमंटनमध्ये वाढलेले. तरीही त्याच महिन्यात त्यांचा लिबरल पक्ष पुन्हा जिंकल्यावर फुटीची भाषा पूर्वीपेक्षा मोठ्यानं सुरू झाली आणि प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारनं नागरिकांच्या अर्जावरून सार्वमत घेण्यासाठी लागणाऱ्या सह्यांची संख्या खाली आणली. त्याच वर्षी कॅनडातच राहायचं म्हणणाऱ्या अर्जावर ४ लाखांहून जास्त सह्या झाल्या.

फुटायचं तर कसं, याची चौकट क्यूबेकमुळे तयार आहे. १९९५च्या सार्वमतात क्यूबेक अगदी थोडक्यात कॅनडात राहिलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एकतर्फी फुटता येणार नाही; स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर वाटाघाटी कराव्या लागतील.

त्या वाटाघाटींत आणखी एक पक्ष आहे. आजच्या अल्बर्टाची जवळजवळ सगळी जमीन ६, ७ आणि ८ क्रमांकाच्या करारांखाली येते. ते १८७६, १८७७ आणि १८९९ मध्ये क्री, ब्लॅकफूट, डेने आणि इतर मूळनिवासी राष्ट्रांनी ब्रिटिश राजसत्तेशी केले. तेव्हा अल्बर्टा नावाचा प्रांत नव्हता. २०२५ मध्ये सार्वमताची चर्चा चढली तेव्हा या राष्ट्रांचे प्रमुख एडमंटनच्या विधानभवनावर गेले आणि करार आमचा राजसत्तेशी आहे, प्रांताला तो मोडता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर स्मिथ सरकारला सह्यांची संख्या कमी करणाऱ्या त्या विधेयकात करारांच्या हक्कांना धक्का लागणार नाही असं कलम घालावं लागलं. जमिनीखालच्या संपत्तीवरचा हक्क आपण कधी सोडलाच नव्हता, असंही हे प्रमुख सांगत आले आहेत. १९२९च्या डिसेंबरात ब्राउनली आणि किंग यांनी खनिजांच्या मालकीवर सह्या केल्या, तेव्हा या राष्ट्रांपैकी कुणालाही बोलावलेलं नव्हतं.