पेक ड्रिलिंग आणि व्हायब्रेशन ड्रिलिंग: चिप दोनला नाही, दीडला तुटते

"म्हणजे आपलं जी73च ना, फक्त फास्ट?" ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या महापेपर्यंत, ज्या गाळ्यात विमानाच्या कामाचा विषय निघतो तिथे व्हायब्रेशन ड्रिलिंगबद्दल हा प्रश्न ठरलेला. नाही. जी73 हा मशीनला पेक ड्रिलिंग सांगणारा कोड. तो कितीही फास्ट करा, ते व्हायब्रेशन ड्रिलिंग होत नाही.

पेक, म्हणजे ड्रिल मध्येमध्ये मागे घेत टप्प्याटप्प्याने भोक पाडणं, तुम्हाला पाठ आहे. जी83मध्ये ड्रिल दर टप्प्याला भोकाबाहेर येतं, जी73मध्ये जरासं मागे सरतं. पण टप्प्याच्या आत चिप, म्हणजे कापून निघणारी पट्टी, अखंडच निघते. 6 मिमी ड्रिल, फीड (एका फेऱ्याला ड्रिल किती आत जातं ते) 0.1 मिमी, पेकचा टप्पा 1 मिमी धरा: 10 फेरे झाले, आणि बाहेरच्या कडेला धार जवळजवळ 19 सेंटिमीटर कापत गेली. नुसत्या ॲल्युमिनियमच्या प्लेटला खुशाल पेक मारा, मीही मारतो. पण वर कार्बन फायबर, खाली टायटॅनियम असा थर असेल तर ती तापलेली, धारदार पट्टी वर येताना कार्बनची भिंत खरवडते. खालचं भोक मापात, वरचं मोठं. टायटॅनियम तिथे हौसेने लावत नाहीत. कार्बनला ॲल्युमिनियम टेकलं की ते गंजतं.

व्हायब्रेशन ड्रिलिंगमध्ये फीड थांबतच नाही. चालत्या फीडवर ड्रिल आपल्याच अक्षात 0.1-0.2 मिमी पुढेमागे होतं. लोक विचारतात, सेकंदाला किती वेळा? विचारायचं ते हे, की एका फेऱ्याला किती वेळा?

जॉब कार्डाच्या मागे काढून बघा. ड्रिलला दोन धारा, दुसरी अर्ध्या फेऱ्याने मागून येते. ड्रिल एकदा पुढेमागे झालं की एक लाट. फेऱ्याला बरोबर 2 लाटा असतील, तर अर्ध्या फेऱ्यात एक पूर्ण लाट होते. दुसरी धार पहिलीच्याच लाटेला समांतर जाते, चिपची जाडी सगळीकडे सारखी, आणि चिप तुटत नाही. ड्रिल हलतंय, पण उपयोग शून्य! आता दीड लाट घ्या. अर्ध्या फेऱ्यात पाऊण लाट, म्हणून दोन्ही धारांच्या वाटा एकमेकींना छेदतात. जिथे छेदतात तिथे कापायला माल उरत नाही, धार हवेत जाते, चिप तुटते. 0.1 फीडला त्यासाठी निदान 0.07 मिमी हालचाल लागते. चिपचे स्वल्पविरामासारखे तुकडे पडतात, व्हॅक्यूमने सहज ओढले जातात.

सेकंदाला 20,000च्या आसपास कंपनं आणि काही मायक्रॉनची हालचाल असलेलं अल्ट्रासॉनिक ड्रिलिंग हे वेगळं तंत्र. आणि चॅटरला, म्हणजे कापताना नको असलेल्या थरथरीला, तर कृपा करून व्हायब्रेशन ड्रिलिंग म्हणू नका, तो दोष आहे.

माझी पसंती लाटेसारख्या आकाराच्या बेअरिंगवाल्या यंत्रणेला. लाट ड्रिलच्या फिरण्यातूनच तयार होते. त्यामुळे कार्बन संपून टायटॅनियम लागल्यावर आरपीएम (मिनिटाला फेरे) खाली आणला तरी दीडची दीडच राहते. 1000 आरपीएमला सेकंदाला 25 लाटा, 500ला साडेबारा.