सेन्सॉर पास झाला म्हणजे दाखवलेलं सगळं खरं?

ग्रुपवर कित्येक वर्षं फिरून राहिलेला मेसेज: पिक्चर सत्य घटनेवर आहे, सेन्सॉर पास आहे, म्हणजे तसंच घडलं. वाटणं साहजिक आहे, मलाही वाटायचं. पण हे सर्टिफिकेट १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं, पिक्चर कोणी पाहावा ते सांगणारं, यू, यूए की ए. प्रत्येक सीन खरा असल्याचा तो दाखला नाही, अन् त्या घटनेत जीव गेलेल्यांच्या घरच्यांना विचारल्याचा तर नाहीच नाही.

आपल्या नागपूरचंच घ्या ना. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावरच्या मोर्चात चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ बांधव गेले, त्यात बाया अन् लेकरं जास्त. उद्या कोणी त्यात गाणी अन् मनाचा व्हिलन टाकून तिकिटं विकली, अन् लोकांनी तेच खरं धरलं, तर सीताबर्डीच्या स्मारकावर आपल्या आईसाठी फूल वाहणाऱ्या माणसाला काय वाटेल? मला हे फार लागतं.

तपासणं सोपं आहे. सुरुवातीची पाटी पॉज करून वाचा, बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं की काही पात्रं, प्रसंग काल्पनिक आहेत. मग लायब्ररीत त्या तारखेनंतरचे पेपर काढा, कोर्टाचा निकाल असेल तर तोही, अन् सीन जुळतो का ते बघा.