फळमाशीतील वेदनासंवेदनशीलता

ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी शरीराला इजा करू शकणारी उष्णता, दाब किंवा टोचणी कशी ओळखते आणि तिची ही संवेदनशीलता कोणत्या जनुकांमुळे कमी-जास्त होते, याचा अभ्यास. वेदना हा मनाचाही अनुभव असतो आणि तो माशीला होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यामुळे काटेकोर लेखनात ‘अपायसंवेदन’ हा शब्द अधिक योग्य ठरतो.

या माशीच्या अळीच्या कुशीला सुमारे ४६° से. तापलेले बारीक टोक लावले, की एरवी संथपणे सरपटणारी ती अळी अंग वाकवून स्वतःच्या लांबीभोवती गडाबडा लोळू लागते. हलक्या स्पर्शाने ती लोळत नाही, फक्त थबकते किंवा डोके वळवते. निसर्गात परजीवी गांधीलमाशी अंडी घालण्यासाठी अळीच्या त्वचेत नळी खुपसते, तेव्हा असेच लोळून अळी तिच्या तावडीतून सुटू शकते. हा प्रतिसाद डोळ्यांनी दिसतो, मोजता येतो आणि प्रत्येक निरोगी अळीत आढळतो, म्हणूनच तो जनुकांच्या शोधाला इतका उपयोगी पडला.

सेमूर बेंझर, डॅनियल ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उष्ण टोकाला फार उशिरा प्रतिसाद देणाऱ्या उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) अळ्यांमधून ‘पेनलेस’ हे जनुक शोधले. ते टीआरपी नावाच्या कुलातील आयन-मार्गाचे, म्हणजे पेशीच्या आवरणातून विद्युतभारित कणांना वाट देणारे, प्रथिन घडवते. मिरचीचा तिखटपणा व उष्णता ओळखणारा सस्तन प्राण्यांमधील मार्ग याच विस्तृत कुलातला आहे. त्वचेखाली जाळ्यासारख्या पसरलेल्या चौथ्या वर्गाच्या शाखायुक्त चेतापेशी अळीतील मुख्य अपायग्राही (अपाय ओळखणाऱ्या पेशी) आहेत. तीव्र दाब ओळखण्यासाठी या पेशींना ‘पिकपॉकेट’ आणि ‘पिएझो’ ही प्रथिने लागतात.

संवेदनशीलता मात्र स्थिर नसते, आणि या विषयाचा सर्वांत बोलका भाग हाच आहे. अतिनील किरणांनी त्वचा भाजलेली अळी, पूर्वी सहज सोसलेल्या ३८° से. उष्णतेलाही लोळू लागते. मरणाऱ्या त्वचापेशींकडून येणारे ‘आयगर’ हे संदेशक प्रथिन अपायग्राही पेशींवरील ‘वेंगेन’ या ग्राहीमार्फत (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनामार्फत) त्यांचा उंबरठा, म्हणजे प्रतिसाद सुरू होण्याची पातळी, खाली आणते. (ही नावे स्वित्झर्लंडमधील एका शिखराची व त्याच्या परिसरातील गावाची आहेत.) आयगर हे मानवातील ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहाशी संबंधित संदेशक प्रथिनाचे समरूप (उत्क्रांतीने नातलग) असून, दाहामुळे होणाऱ्या वेदनेत त्या घटकाचाही वाटा असतो. हेजहॉग व टॅकिकायनिन या संदेशक रेणूंचे मार्गही अळीची संवेदनशीलता वाढवतात.

प्रौढ माश्यांमध्ये जवळजवळ संपूर्ण जनुकसंच आरएनए-हस्तक्षेपाने (एकेक जनुक शांत करण्याच्या तंत्राने) तपासून २०१० मध्ये ‘स्ट्रेटजॅकेट’ या जनुकाची भूमिका दाखवण्यात आली. हे जनुक कॅल्शियम मार्गाचा एक उपघटक घडवते. त्याचे समरूप जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये उष्णतेची संवेदना मंदावली, तर मानवातील त्याच जनुकाचे काही भेद उष्णतेची वेदना कमी जाणवण्याशी निगडित आढळले. गॅबापेंटिन हे वेदनाशामक याच उपघटकाच्या जवळच्या नातलग प्रथिनांना चिकटते.