अंडाशय, इन्सुलिन आणि कळण्याची भाकरी

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही दिवस राहिले नाहीत की जळगाव-धुळ्याकडे नवस, अंगारे आणि सोनोग्राफी एकाच वेळी सुरू होतात. त्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘पीसीओएस’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशयाच्या कामातला एक संप्रेरकीय विकार) लिहिलेले असले की घरात ‘अंडाशयात गाठी झाल्या’ असे सांगितले जाते. वास्तविक त्या गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या, अंडे सांभाळणाऱ्या त्या सूक्ष्म पिशव्या असतात. ही वाढ थांबण्यामागे बऱ्याचदा रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाचा हात असतो.

स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात सोडू लागते. अंडाशय मात्र त्याला प्रतिसाद देतच राहते, आणि रक्तातील वाढीव इन्सुलिनमुळे तेथे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी बनवते, त्यामुळे मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते, अंडे पक्व होऊन बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातील सुमारे 10 ते 13 टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील बहुतेकींना त्याचा पत्ता नसतो.

‘मी तर सडपातळ आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की त्याच बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) युरोपीय माणसापेक्षा भारतीयांच्या शरीरात चरबी जास्त असते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त मानतात आणि स्त्रीची कंबर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे असे सांगतात.

वजन जास्त असलेल्या स्त्रीने ते 5 ते 10 टक्के कमी केले, तरी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते. त्यासाठी परदेशी आहारतक्ता आणण्याची गरज नाही. ज्वारी आणि सालासकट उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, सोबत पालेभाजी किंवा भरीत, हे जेवण मैद्याच्या पावापेक्षा रक्तातील साखर सावकाश चढवते. भरितावरचा तेलाचा तवंग मात्र बेतानेच असावा. वनस्पती तूप आणि त्यात तळलेले पदार्थ हा वेगळा मुद्दा आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ट्रान्स फॅट (तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणारी अपायकारक चरबी) अधिक खाणाऱ्या स्त्रियांमध्ये अंडोत्सर्गाशी निगडित वंध्यत्व जास्त आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; तरीही भारतात 2022 पासून खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटला 2 टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलेच झाले.

सातपुड्याच्या पाड्यांवर अनेकदा प्रश्न उलटा असतो. शेतातील कष्ट जास्त आणि ताटातले अन्न कमी पडले की चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, मेंदूतील हायपोथॅलॅमस अंडाशयाला द्यायचे संकेत आवरते घेतो आणि पाळी थांबू शकते. अशा स्त्रीला वजन उतरवण्याचा सल्ला देणे घातक ठरेल. तिला पोटभर अन्न, डाळी आणि लोह हवे.

आहाराने अंडोत्सर्ग सुधारू शकतो, पण वयानुसार घटणारी अंड्यांची संख्या भरून येत नाही. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि स्त्रीच्या पस्तिशीनंतर सहा महिन्यांनीच, डॉक्टरांकडे जावे. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच वेळी व्हावी. ती सोपी असूनही सर्वांत उशिरा होते.