थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल: एका पावतीवरच्या दोन वेगळ्या तपासण्या

ठाण्याला नौपाड्यात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. पायात गुठळी झालेल्या माणसाची चिठ्ठी काउंटरवर येते आणि त्यावर दोनच शब्द असतात, 'थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल'. थ्रोम्बोफिलिया म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा कल. चिठ्ठी आणणारा बहुधा मुलगा किंवा सून. आकडा ऐकल्यावर ते जरा गप्प होतात आणि मग विचारतात, "मॅडम, करायलाच हवी का ही?"

एकाच आठवड्यात आलेल्या दोन चिठ्ठ्या मला आठवतात. एक कळव्याच्या साठीतल्या काकांची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या आठवड्यात पोटरी सुजली, डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, गुठळी दिसली. दुसरी वागळे इस्टेटकडून आलेल्या चौतीस वर्षांच्या बाईची. ना ऑपरेशन, ना प्लास्टर, ना लांबचा प्रवास, तरी मांडीच्या शिरेत गुठळी. आधी एकदा पाचव्या महिन्यात मूल पोटातच गेलेलं. चिठ्ठी दोघांची सारखीच होती. मी दोघांच्याही डॉक्टरांना फोन केला, कारण त्या दोन शब्दांखाली दोन निराळ्या तपासण्या दडलेल्या असतात आणि त्यांची गल्लत रोज होते.

पहिली जन्मजात दोषांची. रक्त गोठू लागलं की त्याला वेळेवर आवर घालणारी प्रथिनं शरीरात असतात: अँटिथ्रोम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. ती जन्मतःच कमी असू शकतात. शिवाय दोन जनुकीय बदल तपासतात. त्यातला फॅक्टर फाइव्ह लायडन 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडला, म्हणून ते नाव. दुसरा प्रोथ्रोम्बिन जनुकातला. युरोपीय वंशाच्या लोकांत लायडन शंभरात पाचेक जणांत आढळतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी, आणि प्रोथ्रोम्बिनचा बदल तर फारच विरळ. म्हणजे तिकडच्या लोकांसाठी जमवलेली यादी आपण इथे जशीच्या तशी विकत घेतो.

दुसरी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची. हा दोष आईवडिलांकडून येत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच पुढे कधीतरी चुकीच्या दिशेने वळते आणि अशा अँटिबॉडीज तयार करते. त्यात तीन चाचण्या: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पहिल्या नावाने फार घोटाळा होतो. ल्युपस हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, पण ल्युपस अँटिकोअॅग्युलंट सापडलेल्या अनेकांना तो नसतोच. आणि अँटिकोअॅग्युलंट म्हणजे गोठू न देणारं, पण तसं ते फक्त आमच्या काचेच्या नळीत वागतं. नळीत रक्त गोठायला उशीर लागतो, माणसाच्या शिरेत मात्र गुठळ्या होतात. एका घरच्यांनी 'अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह' वाचून रक्त आधीच पातळ आहे असं समजून रक्त पातळ करायची गोळी बंद करायची ठरवली होती. रिपोर्ट न्यायला आले तेव्हा बोलता बोलता ते कळलं, म्हणून थांबवता आलं.

पहिल्या तपासणीने उपचार सहसा बदलत नाहीत. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण कारण सापडलं की इलाज सापडतो असं आपण धरून चालतो. लायडनची एक प्रत (आई किंवा वडील, एकाकडूनच आलेली) असलेल्याला पहिली गुठळी होण्याचा धोका तीन ते पाच पट असतो, पण एकदा गुठळी झाल्यावर ती पुन्हा होण्याचा धोका त्यामुळे दीडपटीच्या आसपासच वाढतो. गोळी किती दिवस घ्यायची हे मुख्यतः गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं. मोठ्या ऑपरेशननंतर झाली असेल तर औषध थांबवल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा होणारे शंभरात एखाददुसरे. काहीच कारण नसताना झाली असेल तर पहिल्या वर्षात शंभरात दहा आणि दहा वर्षांत जवळपास एक तृतीयांश. अशा माणसाला हे प्रोफाइल निगेटिव्ह आलं तरी गोळी लांबवावी लागते आणि काकांसारख्याला पॉझिटिव्ह आलं तरी बहुतेकदा तीन महिन्यांत थांबवता येते. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने 2013 मध्येच सांगितलं होतं की ऑपरेशनसारख्या मोठ्या, तात्पुरत्या कारणाने गुठळी झालेल्या प्रौढांत ही तपासणी करू नका.

दुसरीने गोळीच बदलते. हल्ली गुठळीवर बहुतेकांना रिव्हरॉक्सॅबान किंवा अॅपिक्सॅबान मिळते, आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सतत मोजण्याची, कटकट नाही म्हणून. पण तिन्ही अँटिबॉडी चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबान आणि वॉरफेरिन यांची तुलना करणारा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. रिव्हरॉक्सॅबानच्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके इतके जास्त दिसले की तो मध्येच थांबवावा लागला. अशा रुग्णाला जुनी गोळीच हवी, वॉरफेरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी एसिट्रॉम, तीही दीर्घकाळ आणि आयएनआर पाहत.

आता वेळेचं. सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. ताज्या गुठळीत अँटिथ्रोम्बिन, प्रोटीन सी आणि एस खर्च होऊन तात्पुरती कमी होतात. रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनने अँटिथ्रोम्बिन उतरतं. वॉरफेरिन, एसिट्रॉम प्रोटीन सी आणि एस खाली आणतात, ते त्यांचं कामच आहे. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी प्रोटीन एस कमी होतं. तरीही वॉर्डात दाखल असतानाच, हेपरिन चालू असताना रक्त पाठवलं जातं, सगळं कमी येतं आणि 'जन्मजात दोष' असा शिक्का बसतो. जनुकीय चाचण्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, बाकीच्यांसाठी औषध संपल्यावर काही आठवडे थांबावं लागतं. ल्युपस अँटिकोअॅग्युलंटही रिव्हरॉक्सॅबानसारख्या नव्या गोळ्यांमुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू मात्र औषध चालू असताना करता येतात. पॉझिटिव्ह आलं तर निदान पक्कं धरायच्या आधी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण साध्या तापानंतरही या अँटिबॉडीज काही काळ वर येतात.

आमच्या बाजूनेही चुका होतात. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट, म्हणजे नळीत रक्त गोठू न देणारं द्रव. ल्युपस अँटिकोअॅग्युलंटसाठी प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, यंत्रात दोनदा फिरवून, प्लेटलेट काढून, गोठवून पाठवावा लागतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा ती नळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुपारभर बॅगेत घेऊन फिरला, तर त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही.

खर्चाचं स्पष्ट सांगते. पूर्ण प्रोफाइल सहज पाच आकड्यांत जातं. फक्त अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही घेतल्या तर पुष्कळ कमी, आणि आयएनआर काही शे रुपयांत होतं. यादीत एमटीएचएफआर नावाची जनुकीय चाचणी दिसली तर ती खुशाल काढून टाकायला सांगा. तो बदल असंख्य निरोगी लोकांत असतो, त्याने उपचार ठरत नाहीत.

पैशापलीकडेही एक किंमत आहे. जन्मजात दोषाचा कागद घरात आला की तो एकट्या रुग्णाचा राहत नाही. लग्नाच्या बोलणीत 'त्यांच्या घरात रक्ताचा काहीतरी आहे' एवढंच वाक्य पुढे जातं. ज्या रिपोर्टने काकांची एक गोळीही बदलणार नव्हती, त्याने त्यांच्या नातीचं स्थळ अडलेलं मला बघवणार नाही.

तरी जन्मजात तपासणी निरुपयोगी नाही. घरात दोन-तीन जणांना तरुणपणी गुठळ्या झाल्या असतील, किंवा अँटिथ्रोम्बिन, प्रोटीन सी, एसची कमतरता आधीच माहीत असेल आणि घरातली मुलगी गर्भनिरोधक गोळी किंवा बाळंतपणाचा विचार करत असेल, तर ती जरूर करावी. त्याच अमेरिकन सोसायटीच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे किंवा ऑपरेशनाशिवायच्या तात्पुरत्या कारणाने झालेल्या गुठळीतही तिला जागा दिली आहे, पण सक्ती न करता, रुग्णाशी बोलून. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. गुंतागुंतीच्या घराण्यासाठी तिथे विचारणं मला नेहमी योग्य वाटतं.

काकांच्या डॉक्टरांनी प्रोफाइल रद्द केलं. त्या बाईंच्या फक्त अँटिबॉडीज केल्या. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू दोन्ही खूप वर आले, बारा आठवड्यांनीही तसेच. त्यांची रिव्हरॉक्सॅबान बंद होऊन वॉरफेरिन सुरू झाली आणि आता त्या महिन्यातून एकदा आयएनआरला येतात. गेल्या खेपेला धाकटी बहीण बरोबर होती. ती बाही वर करूनच खुर्चीत बसली. "ताईला आहे ना, मग माझंही घ्या." मी तिला उठवलं. तिच्या ताईला आहे ते सहसा असं घराण्यातून येत नाही, आणि तिला स्वतःला काही त्रास नाही. तिने बाही खाली केली आणि ताईची पावती करायला काउंटरवर गेली.