दार-एस-सलामच्या आधी दाभोळ: ऊर्जा गुंतवणूक परिषदांची पार्श्वभूमी

जानेवारी 2025 च्या अखेरीस टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये आफ्रिकेची ऊर्जा परिषद भरली. 2030 पर्यंत 30 कोटी आफ्रिकी लोकांच्या घरी वीज पोचवण्याचा विडा जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँकेने उचलला आहे, आणि त्यासाठी 50 अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं तिथे मिळाली. अशा परिषदांत आकडे मोठेच असतात. खरी घासाघीस होते ती एका कलमावर: वीज विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीकडे बिल भरायला पैसे नसले तर ते कोणी भरायचे?

1970 च्या दशकात तेलाचे भाव दोनदा भडकले आणि तेल आयात करणाऱ्या गरीब देशांची गंगाजळी आटली. ऑगस्ट 1981 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नैरोबीत नव्या आणि अक्षय ऊर्जास्रोतांवर परिषद घेतली. इंदिरा गांधीही तिथे बोलल्या. कृती कार्यक्रम मंजूर झाला, त्यासाठी वेगळा निधी काही मिळाला नाही. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या छत्राखाली ऊर्जेसाठी स्वतंत्र संस्था काढण्याची कल्पना अमेरिकेच्या रेगन सरकारने मोडीत काढली. हे काम खासगी भांडवलाने करावं, असा वॉशिंग्टनचा सूर होता. पुढच्या सगळ्या परिषदा याच चाकोरीतून गेल्या.

खासगी भांडवल आलं, पण स्वतःच्या अटींवर. ते कसं, हे मराठी वाचकाला गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलवरून, म्हणजे दाभोळ वीज प्रकल्पावरून चटकन कळेल. 1991 मध्ये भारताने वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली. पुढच्या वर्षी केंद्राचं पथक गुंतवणूकदार शोधायला परदेशात गेलं आणि जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीबरोबर प्राथमिक करार झालासुद्धा. निविदा नाहीच. प्रकल्प 2015 मेगावॉटचा. इतकी महाग वीज महाराष्ट्राला परवडणार नाही, असं सांगून जागतिक बँकेने 1993 मध्ये कर्ज नाकारलं. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. वर राज्याची हमी, आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देणार.

मेख होती स्थिर आकारात. वीजकेंद्र वीज द्यायला तयार असलं की मंडळ ती उचलो वा न उचलो, हा आकार भरायचाच. त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये तो 46 च्या पुढे गेला. इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासूनचं इंधन, तोही महागला. वीज महाग पडते म्हणून मंडळाने ती कमी उचलली. मग तोच स्थिर आकार कमी युनिटवर वाटला जाऊन युनिटचा दर आणखी चढला. एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करत सत्तेवर आलेल्या युती सरकारने ऑगस्ट 1995 मध्ये प्रकल्प रद्द केला आणि वाटाघाटी करून पुन्हा आणलाही. पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला, दोन वर्षांत बंद पडला. डिसेंबर 2001 मध्ये खुद्द एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या भागीदारीत नवी कंपनी काढून हे वीजकेंद्र ताब्यात घ्यावं लागलं. शेवटी निस्तरावं लागलं ते सरकारी कंपन्यांनाच.

त्यातून जगाने धडा घेतला म्हणावं, तर घानाचं उदाहरण आड येतं. विजेच्या टंचाईत घाईघाईने केलेल्या तशाच करारांपोटी न वापरलेल्या विजेसाठी वर्षाला 50 कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागतात, असं तिथल्या अर्थमंत्र्यांनी 2019 मध्ये संसदेत सांगितलं.

भारतात मात्र फरक पडला. मध्य प्रदेशातल्या रीवा इथल्या 750 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी फेब्रुवारी 2017 मध्ये खुला लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैसे लागला. सौर पॅनल स्वस्त झाली होती हे खरंच. पण पैसे थकले तर आधी कुठल्या निधीतून द्यायचे, मग राज्याची हमी कधी लागू होणार, हे आधीच लिहून ठेवलं होतं आणि दर रुपयांत होता. हमी इथेही होती; फक्त तिच्या आड महाग दर लपवला नव्हता.

दार-एस-सलामला बारा देशांनी आपापले ऊर्जा आराखडे मांडले. वीज कंपन्यांचा ताळेबंद सुधारणं, निर्मितीचा खर्च कमी करणं, खासगी गुंतवणुकीला वाट देणं, असा त्यांचा रोख आहे. चलनाचा पेच त्याने सुटत नाही. कर्ज डॉलरमध्ये, बिलाची वसुली नायरा, शिलिंग नाहीतर क्वाचामध्ये. जून 2023 नंतर नायजेरियाच्या नायराची किंमत निम्म्याहून खाली आली. झांबियाने तर नोव्हेंबर 2020 मध्येच परदेशी रोख्यांवरचं व्याज थकवलं. नायजेरिया आणि झांबिया, दोघेही या बारांत आहेत.