सिस्टर म्हणतात, ‘थांबा, डॉक्टर’

१९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एमी एडमंडसन रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांकडे वळल्या आणि त्यांच्या हाती उलटाच आलेख लागला. दोन रुग्णालयांतले आठ विभाग त्यांच्या अभ्यासात होते. जिथे प्रमुखाशी मोकळेपणानं बोलता येतं, माणसांचं एकमेकांशी पटतं, तिथे चुका कमी सापडणार अशी त्यांची अटकळ होती. सापडल्या जास्त!

आकडेमोड पुन्हा केली तरी आलेख काही सरळ होईना. मग हळूहळू उलगडा झाला. चांगल्या विभागात चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुख खेकसतात, तिथे चुकीचा डोस जागच्या जागी जिरवला जातो, वहीत चढतच नाही. १९९६ मध्ये हा अभ्यास छापून आला. आपलं म्हणणं मांडल्यावर अपमान होणार नाही या भरवशाला एडमंडसन यांनी पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ या नावानं मांडलं. नाव जरा पुस्तकी आहे, पण गोष्ट रोजची आहे.

रुग्णालयात हा भरवसा इतका मोलाचा का, याचं कारण तिथल्या कामाच्या रचनेत आहे. मोठे डॉक्टर रुग्णापाशी पाच-दहा मिनिटं असतात, सिस्टर आठ तास. लघवी कमी झाली, श्वास भरभर चालू आहे, रुग्ण काल बोलत होता तसा आज बोलत नाही, हे सगळं आधी उतरंडीच्या खालच्या पायरीला दिसतं. निर्णयाचा अधिकार वरच्या पायरीवर. मधलं अंतर ती बातमी किती वेळात कापते, यावर बरंच काही ठरतं. आणि ते अंतर किती ठेवायचं हे वरचा माणूस ठरवतो, बहुतेकदा स्वतःच्या नकळत.

याचा सगळ्यात बोलका प्रयोग झाला एका साध्या नळीवर. मानेजवळच्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जी नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात. २००१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षता तज्ज्ञानं पाच ओळींची यादी केली. हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसा. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि रुग्णाला निर्जंतुक चादरीनं पूर्ण झाका. शक्यतो जांघेतली शीर टाळा. गरज संपली की नळी काढून टाका.

यातलं एकही डॉक्टरांना नवीन नव्हतं. तरीही सिस्टरांनी महिनाभर नोंद ठेवली तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत निदान एक पायरी गळलेली दिसली. प्रोनोव्होस्ट त्यावर नुसतं डॉक्टरांना शिकवून थांबले नाहीत. त्यांनी व्यवस्थापनाकडून एक परवानगी मिळवली: पायरी गळली तर सिस्टरनं डॉक्टरला थांबवायचं, आणि डॉक्टरनं ऐकलं नाही तर व्यवस्थापन सिस्टरच्या बाजूनं उभं राहील. माझ्या मते शोध यादीचा नव्हताच, या शेवटच्या अटीचा होता.

मग हीच रीत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत नेली. अशा संसर्गाचा हिशोब हजार ‘नळी-दिवसां’मागे मांडतात, म्हणजे शंभर रुग्णांना दहा-दहा दिवस नळी असेल तर ते हजार झाले. सुरुवातीला हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत. दीड वर्षानं ते १.४ वर आले. २००६ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

या कहाणीत खुर्चीवरच्या साहेबांचाही एक वाटा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एकेक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला होता. त्यानं महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष विभागात जायचं आणि सिस्टरांना विचारायचं, अडतंय कुठे? उत्तर मिळालं ते असं की यादीत क्लोरहेक्सिडिन लिहिलंय, पण कपाटात ते आहे कुठे? एक तृतीयांशाहूनही कमी विभागांत ते मिळत होतं. सिस्टरनं कितीही तळमळीनं डॉक्टरला थांबवलं, तरी खरेदीची फाइल काही तिला हलवता येत नाही. साहेबाला येते. काही आठवड्यांत माल पोचला.

इतकं सोपं असतं तर यादी छापून सगळीकडे वाटली की काम झालं असतं. तसं करूनही पाहिलं गेलं. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९ मुद्द्यांची यादी बनवली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाली. २०१४ मध्ये तपासलं तर मृत्यूंमध्ये ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. कागदावर खुणा करणं आणि थांबून एकमेकांशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुणा तर शस्त्रक्रिया संपल्यावर एकगठ्ठाही करता येतात.

बोलणं मात्र शिकवता येतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ते वैमानिकांच्या धर्तीवर शिकवलं. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी थांबून योजना बोलायची, नंतर काय बिघडलं ते बोलायचं, शंका आली की कुणीही हात वर करायचा. २०१० मध्ये निकाल आले. प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला, न झालेल्या ३४ मध्ये ७ टक्क्यांनी.

उलट बाजूचा प्रयोग इस्रायलचा आहे. नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांना अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आजार ओळखण्याचा सराव दिला. त्यातल्या काही पथकांना एका पाहुण्या तज्ज्ञानं मधूनच खोचक शेरे ऐकवले. बाकीच्यांशी तो नुसतं सरळ बोलला. टोमणे खाल्लेल्यांचं निदानही घसरलं आणि हातातलं कौशल्यही. त्यांनी एकमेकांना माहिती देणं, मदत मागणंच कमी केलं होतं. ‘आमचे सर रागीट आहेत, पण हात सोन्याचा’ असं आपण कौतुकानं सांगतो. सरांचा हात सोन्याचा असेलही, पण त्या रागानं बाजूच्या चार हातांचं काय होतं हे २०१५ पासून छापील आहे.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. भारतीय डॉक्टरानं कोणत्या पाच भूमिका पार पाडायच्या ते त्यात लिहिलं आहे. त्यातली एक ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’ अशी आहे. दोन्ही शब्द एकाच भूमिकेत घातलेत, हे मला फार आवडलं. संवादाचे स्वतंत्र तासही ठेवलेत. विद्यार्थी ते शिकतो, परीक्षेत लिहितो, आणि मग वॉर्डच्या पहिल्या राउंडला सरांच्या मागे कितव्या रांगेत उभं राहायचं हे त्याला कुणी न सांगताच कळतं.